अमळनेरचा लोकल चॅनल: कॅसेटींची दोन खोकी सापडली आहेत, जाणकारांनी सांगावं

पारोळ्याची

नमस्कार. माझे मोठे काका अमळनेरला केबल चालवायचे. ते गेल्यावर घर विकायचं ठरलं आणि माळ्यावरून दोन खोकी खाली आली. एकात व्हीएचएस कॅसेटी, दुसऱ्यात छोट्या मिनीडीव्ही. काहींवर काकांच्या हातचं लिहिलेलं आहे: ‘यात्रा एकादशी’, ‘न.पा. निकाल’, ‘कानबाई पैलाड’, ‘बातम्या सोम’, ‘बातम्या मंगळ’. बऱ्याच कॅसेटींवर काहीच लिहिलेलं नाही. भावकीतले म्हणाले भंगारात द्या. मी उचलून माझ्या घरी आणल्यात.

मी एम.ए.ला इतिहास घेतलाय आणि याच विषयावर प्रकल्प करायची फार इच्छा आहे. पण मला लोकल चॅनल अर्धवटच आठवतो. खाली पळणारी पट्टी आणि यात्रेचा रथ, एवढंच. तो चालायचा कसा, दिवसभर लागायचं काय, बातम्या कोण आणायचं, हे सांगणारं माणूस आता घरात नाही. सगळ्या कॅसेटी कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायला लागतील तेवढे पैसे माझ्याकडे नाहीत. त्यातलं आधी काय वाचवू?

भुसावळ लोको

पोरी, भंगारात दिल्या नाहीस हे फार चांगलं केलंस. मी केबलच्या आधीचं सांगतो, कारण त्याशिवाय लोकल चॅनलचं मोल कळणार नाही.

मुंबईत २ ऑक्टोबर १९७२ पासून दूरदर्शन होतं. आपल्याला त्याचा उपयोग शून्य. टीव्हीच्या लहरी सरळ रेषेत जातात, मध्ये सह्याद्री उभा. इन्सॅट-१बी हा उपग्रह ऑगस्ट १९८३ मध्ये वर गेला आणि १९८४ मध्ये सरकारने देशभर शंभर वॅटची छोटी प्रक्षेपण केंद्रं धडाधड उभी केली, तेव्हा कुठे आपल्यासारख्या भागांत चित्र दिसायला लागलं. दहा-पंधरा किलोमीटर पलीकडे नुसत्या मुंग्या. खेड्यातले लोक वीस-वीस फुटी पाइपावर अँटेना चढवायचे, वर बूस्टर. आमच्या रेल्वे क्वार्टरमध्ये ज्याच्या घरी टीव्ही, त्याच्या दाराशी चपलांचा ढीग. २५ जानेवारी १९८७ ला रामायण सुरू झाल्यावर तर रविवारी सकाळी ड्युटी बदलून मागणारे कितीतरी होते.

पण या छोट्या केंद्रांना स्टुडिओच नव्हता. उपग्रहावरून आलेलं खाली सोडायचं, एवढंच काम. त्यामुळे पडद्यावर दिल्ली दिसायची, पुढे मुंबई दिसली. जळगाव, धुळे, चोपडा, शहादा कधी नाही. आपली केळी, आपला कापूस, आपली बोली यांना जागा होती ती जळगावच्या आकाशवाणीवर, तीही कानापुरती. खानदेशातल्या माणसाने आपलंच गाव पडद्यावर पाहिलं ते केबलवाल्यांमुळे. प्रकल्पात हे पहिल्या पानावर लिही.

मग जानेवारी १९९१ ला आखाती युद्ध, डिशचं वेड, त्याच वर्षी स्टार, २ ऑक्टोबर १९९२ ला झी. भाड्याने व्हीसीआर देणारी मुलंच बघता बघता केबलवाले झाली. पुढचं मला बाहेरूनच माहीत आहे. आतलं कोणी सांगावं.

बोरीकाठ

पोरी, तुझ्या काकांना मी ओळखत असेन. नाव इथे लिहू नकोस. मी अमळनेरच्याच एका लोकल चॅनलवर १९९६ पासून २००८ पर्यंत बातम्या वाचल्या. दिवसा शाळेत मराठी शिकवायचे, शाळा सुटली की तिकडे. भुसावळच्या भाऊंनी पहिल्या पानाचं सांगितलं ते अगदी बरोबर. मी आतलं सांगते, थोडं लांबेल.

आमची कंट्रोल रूम म्हणजे दगडी दरवाज्याजवळच्या एका घराच्या गच्चीवरची खोली. बाहेर बारा फुटी जाळीच्या डिश, तोंड आग्नेयेला, कारण एशियासॅट उपग्रह त्या बाजूला. आत लाकडी मांडणीत एकेका चॅनलसाठी एक रिसीव्हर आणि एक मॉड्युलेटर, म्हणजे चित्र-आवाज केबलवरच्या एका चॅनलवर बसवणारं यंत्र. सगळ्यांचं एकत्र करून जाड केबलने गावात सोडायचं. त्या रांगेतल्या एका मॉड्युलेटरला डिशऐवजी व्हीसीआर जोडला की झाला लोकल चॅनल. यंत्र म्हणून त्यात एवढंच होतं. बाकी सगळी माणसं.

केबल लांबत गेली की सिग्नल मरतो, म्हणून गल्लोगल्ली अॅम्प्लिफायर लावलेले. त्याला लाईट जवळच्या एखाद्या घरातून घ्यायची आणि त्या घराला कनेक्शन फुकट. त्या घरचा लाईट गेला की पुढच्या सगळ्या घरांचा टीव्ही बंद. २००० नंतर भारनियमन वाढत गेलं, कुठल्या भागाला संध्याकाळी तर कुठल्या भागाला सकाळी. म्हणून आम्ही तेच बातमीपत्र संध्याकाळी साडेसातला, रात्री साडेनऊला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आठला लावायचो. तांबेपुऱ्यात साडेसातला अंधार असेल तर त्यांना साडेनऊला गाव कळलं पाहिजे, हा हिशोब तुझ्या काकांसारख्या माणसांनी रोज केला. कार्यक्रमांचं वेळापत्रक विजेच्या वेळापत्रकाला धरून ठरायचं. मोठ्या चॅनलवर हे कोणाला सुचलं नसतं, कारण त्यांचा प्रेक्षक अंधारात बसला की उजेडात हे त्यांना दिसत नव्हतं.

आता काय लागायचं ते. सकाळी आरती आणि भजनं. त्यानंतर वाढदिवसाचे फोटो, फोटोच्या कडेला फुलं आणि आजी-आजोबांपासून आत्या-मामांपर्यंत सगळ्यांची नावं. दुपारी फर्माईश: लोक फोन करून गाणं सांगायचे. सिनेमे लागायचे, त्यावर मी वेळ घालवत नाही, ते सगळीकडे सारखेच होते आणि बरेचसे हक्क न घेता लावलेले. शाळांची स्नेहसंमेलनं मात्र पूर्ण दाखवायचो, पहिल्या नाचापासून आभारापर्यंत. ज्या आईला शेतातून निघता आलं नाही तिने आपली मुलगी रंगमंचावर पाहिली ती लोकलवर.

बातमीपत्र वीस मिनिटांचं. आवाज घुमू नये म्हणून भिंतींना गोधड्या टांगलेल्या, उन्हाळ्यात पंखा बंद, कारण पंख्याचा आवाज माइकमध्ये यायचा. कागदाच्या एकाच बाजूला लिहायचं, पान उलटताना खडखड होऊ नये म्हणून. नगरपालिका, तहसील, कोर्ट, पोलीस ठाणे आणि शेवटी बाजार समितीचे भाव. कापूस, मूग, उडीद, हरभरा, दादर ज्वारी. भाव वाचताना मी घाई कधी केली नाही. एक आकडा चुकीचा ऐकला गेला तर उद्या सकाळी कोणीतरी बैलगाडी जुंपून उगाच येणार, हे डोक्यात पक्कं होतं.

रविवारी अहिराणी बातमीपत्र. ते सुरू करायला मी भांडले. काहींचं म्हणणं, बाई शाळेत शिकवतात आणि चॅनलवर गावंढळ बोलतात हे शोभत नाही. मी सुरुवातच अशी करायचे: “राम राम मंडळी. आज आपला गावमा काय काय व्हयनं, ते आयका.” पहिल्या रविवारनंतर सोमवारी भाजीबाजारात बायांनी मला थांबवलं आणि पुढच्या वेळी कोणती बातमी घ्यायची ते सांगायला लागल्या. नळाला पाणी कधी येतं, रेशनवर रॉकेल आलं का. प्रमाण मराठीत वाचत होते तेव्हा त्यांच्यापैकी एकीनेही मला कधी बातमी दिली नव्हती. बोली बदलली तशी बातमी देणारी माणसं बदलली. आमच्या चॅनलने केलेलं सगळ्यात मोठं काम मी हेच मानते.

यात्रा. संत सखाराम महाराजांची वैशाखातली यात्रा बोरी नदीच्या पात्रात भरते, एकादशीला रथ, पौर्णिमेला पालखी. रथ थेट दाखवायचा म्हणजे वाडी संस्थानाजवळच्या गच्चीवर कॅमेरा आणि तिथून घरांवरून उलटी केबल टाकत कंट्रोल रूमपर्यंत आणायची. लोक आपल्या कौलांवरून केबल टाकू द्यायचे, कोणी पैसे मागितले नाहीत. चाकाखाली मोगरी, म्हणजे लाकडी ठोकळा, टाकून रथ वळवतात, ते बघायला म्हातारी माणसं टीव्हीसमोर हात जोडून बसायची. तुझी ‘यात्रा एकादशी’ ही कॅसेट मोलाची आहे. पात्राची, घाटाची, जुन्या दुकानांची स्थिती तिच्यात असणार.

‘कानबाई पैलाड’ तर सगळ्यात आधी उतरव. कानबाई ही आपली खानदेशातली देवी, पैलाड हा गावातला भाग. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते, रात्रभर जागरण, सोमवारी सकाळी मिरवणुकीने विसर्जन. त्या रात्री म्हातार्‍या बायका जी गाणी म्हणायच्या ती कुठे छापलेली नाहीत, घराघरात वेगळी. त्यातल्या कितीतरी बायका आज नाहीत.

आणि ‘बातम्या सोम’, ‘बातम्या मंगळ’ याचा अर्थ सांगते, म्हणजे तुझी निराशा होणार नाही. कॅसेट महाग होती. सात वारांच्या सात कॅसेटी, आणि या सोमवारची बातमी पुढच्या सोमवारी त्याच कॅसेटवर पुसून लिहिली जायची. म्हणजे वर्षानुवर्षांच्या बातम्यांतली फक्त शेवटची राहिली असेल. पण एक गोष्ट लक्षात ठेव. कॅसेट तीन तासांची, बातमीपत्र वीस मिनिटांचं. त्या वीस मिनिटांनंतर टेपवर आधीचं जे काही असेल ते तसंच राहतं. बातम्यांना घेण्याआधी ती कॅसेट सभेला, लग्नाला, उद्घाटनाला वापरलेली असेल, तर ते सगळं मागे आहे. कॅसेट मध्येच बंद करू नकोस, टेप संपेपर्यंत चालव.

कागदपत्रंही शोध. केबलचा कायदा १९९५ चा. त्यानुसार केबलवाल्याची नोंदणी हेड पोस्टात व्हायची, ५०० रुपये फी, दरवर्षी नूतनीकरण. त्या प्रमाणपत्रावर पोस्टाचा शिक्का, नेटवर्कचं नाव आणि वर्ष मिळेल. करमणूक कराच्या पावत्या सापडल्या तर कोणत्या वर्षी किती जोडण्या होत्या तेही कळेल.

पारोळ्याची

बाई, वाचताना अंगावर काटा आला. अहिराणी बातम्यांचं मला आजीने सांगितलं होतं, पण मला ते खरं वाटलं नव्हतं.

दोन प्रश्न आहेत. पट्टीचं तुम्ही लिहिलं नाही, मला तर तीच आठवते. आणि चॅनल बंद का झाला? घरात वेगवेगळी कारणं सांगतात.

काही कॅसेटींच्या खिडकीतून टेपवर पांढरं काहीतरी दिसतंय. ते काय आहे?

देवपूरकर

पांढरं दिसतंय ती बुरशी आहे. त्या कॅसेटी वेगळ्या पिशवीत बांध आणि कुठल्याही व्हीसीआरमध्ये घालू नकोस. बुरशी व्हीसीआरच्या हेडला, म्हणजे टेप वाचणाऱ्या भागाला, लागते आणि तिथून पुढच्या चांगल्या कॅसेटीला. धुळ्यात मी जुनी लग्नं उतरवून देण्याचं काम करतो, रोजचा अनुभव आहे.

बाकीच्यांचं सांगतो. आधी प्रत्येक व्हीएचएसच्या पाठीवरचा प्लॅस्टिकचा छोटा टॅब तोडून टाक, म्हणजे चुकूनसुद्धा वर रेकॉर्ड होणार नाही. कॅसेटी पुस्तकासारख्या उभ्या ठेव, पत्र्याच्या खोलीत अजिबात नाही. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ ला जातो, टेपचा लेप सुटतो. चालवण्याआधी एकदा शेवटपर्यंत पुढे नेऊन परत मागे गुंडाळून घे.

उतरवताना दुकानदाराला सांग: पॅल (आपल्याकडच्या टीव्हीची पद्धत), ७२० बाय ५७६, सेकंदाला २५ फ्रेम. बरेच जण मोबाइलवर बरं दिसावं म्हणून चित्र ताणून रुंद करतात आणि फाइल दाबून लहान करून देतात. तसं घेऊ नकोस. चित्र थरथरत असेल तर टाइम बेस करेक्टर, म्हणजे चित्र स्थिर करणारं यंत्र, असलेल्या माणसाकडे जा. काही भारी व्हीसीआरमध्येही तो असतो.

मिनीडीव्हीचं वेगळं. तिच्यात माहिती आधीच डिजिटल आहे. फायरवायर केबलने कॉम्प्युटरवर घेतली तर जशीच्या तशी उतरते, तासाला साधारण १३ जीबी. पिवळ्या-लाल-पांढऱ्या पिना लावून कोणी उतरवून देत असेल तर नको म्हण. आणि पैसे कमी असतील तर एक सुचवतो: कानबाई, यात्रा, निकाल या तीन आधी पूर्ण दर्जाने कर. स्वस्तात दहा करण्यापेक्षा ते बरं.

बोरीकाठ

देवपूरच्या भाऊंनी फार उपयोगाचं लिहिलं.

पट्टी. मी मुद्दाम मागे ठेवली होती, कारण तिचं प्रकरण वेगळं आहे. अॅम्प्लिफायर जळला तर लोक दोन दिवस थांबायचे, पट्टी बंद पडली तर तासाभरात फोन. दुःखद निधन, अंत्ययात्रा राहत्या घरून किती वाजता निघणार, गंधमुक्ती कधी, उत्तरकार्य कुठे. हरवलेली गाय. रक्त पाहिजे. जळगावचे डोळ्यांचे डॉक्टर बुधवारी येणार. दहावीचा निकाल, आणि शाळेत पहिला कोण. साड्यांचा सेल. गावातून बाहेर शिकायला गेलेली मुलं सुटीत आली की आधी पट्टी वाचायची, आपल्या माघारी गल्लीतलं कोण गेलं ते कळायला. एका निवेदनाला किती रुपये हा दर होता, पण निधनाचे पैसे आमच्या मालकांनी कधी घेतले नाहीत.

आता महत्त्वाचं. पट्टी कॅसेटवर नसायची. ती कंट्रोल रूममधल्या कॉम्प्युटरवर टाइप व्हायची आणि व्हीसीआर ते मॉड्युलेटर या वाटेत चित्राच्या खाली चिकटायची. त्यामुळे तुझ्या काकांच्या खोक्यात पट्टी मिळणार नाही. ती मिळेल लोकांच्या घरात. ज्यांच्याकडे व्हीसीआर होता त्यांनी मुलाचं स्नेहसंमेलन, लग्न, यात्रा टीव्हीवरून रेकॉर्ड करून ठेवलं, आणि त्या रेकॉर्डिंगच्या तळाशी त्या दिवसाचं गाव पळतंय. नाच बघायला कोणाला वेळ नसेल तर नसू दे, खालची ओळ उतरवून घे. तिच्यातून मृत्यू, भाव, दुकानं, डॉक्टर, नाटकं, सगळ्याच्या तारखा लागतील. वर्तमानपत्रांनी तेवढ्या बारीक गोष्टी छापल्या नाहीत. पैलाड, वाडी संस्थानाचा परिसर आणि जुन्या वकील मंडळींची घरं, इथून सुरुवात कर. “लोकलवरून टेप केलेलं काही आहे का?” असंच विचार. लगेच कळेल.

बंद का झाला, याचं एकच कारण कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नकोस. एक तर सेट टॉप बॉक्स आला. नगरपालिकांच्या गावांसाठी कागदावरची मुदत होती ३१ डिसेंबर २०१५. जुनी केबल अॅनालॉग, तिच्यावर व्हीसीआर जोडून चॅनल काढता यायचा. डिजिटलमध्ये सिग्नल मोठ्या कंपनीच्या ठिकाणाहून येतो, गावातला केबलवाला त्यांचा वसुली करणारा उरतो. स्वतःचा चॅनल चालवायचा तर त्यांच्याकडे जागा घ्यायची, भाडं द्यायचं. छोट्या गावाच्या साड्यांच्या जाहिरातींत ते भागत नाही. नोव्हेंबर २०२२ पासून तर अशा चॅनलची रीतसर नोंदणी लागते, चॅनलमागे एक हजार रुपये आणि पडद्यावर ‘प्लॅटफॉर्म सर्व्हिस’ असं लिहिणं सक्तीचं. फी जास्त नाही, पण तोवर गावोगावचे चॅनल चालवणारे हात दुसऱ्या कामाला लागले होते.

दुसरं, मोबाइल. निधनाची वार्ता आता ग्रुपवर पाच मिनिटांत पोचते. पण ती ज्याच्या त्याच्या जातीच्या, आळीच्या, नातेवाइकांच्या ग्रुपवर पोचते. पट्टी सगळ्या गावाला एकच होती. शेटजी गेले तरी त्याच ओळीत, हमाल गेला तरी त्याच ओळीत, त्याच अक्षरात. याची भरपाई मला अजून कुठे दिसलेली नाही, आणि त्याचं मला मनापासून वाईट वाटतं.

एक विनंती. कानबाईची गाणी इंटरनेटवर टाकण्याआधी पैलाडला त्या घरी जा. ज्या बाया दिसतात त्यांना, नाहीतर त्यांच्या लेकी-सुनांना दाखव, त्यांना विचार. गाणारीचं नाव त्यांच्याकडून लिहून घे. आणि अहिराणी बातमीपत्राचा एखादा तुकडा मागच्या भागात कुठे सापडला, तर मला कळव. माझ्याकडे एकही नाही.

पारोळ्याची

बाई, प्रमाणपत्र सापडलं! काकांच्या बँकेच्या पासबुकात घडी घालून ठेवलेलं होतं, पोस्टाचा शिक्का स्पष्ट आहे, वर्ष १९९७. करमणूक कराच्या पावत्यांचा एक गठ्ठाही आहे, वाळवी लागलेला, पण आकडे वाचता येतात. बुरशीच्या कॅसेटी वेगळ्या बांधल्या, बाकीच्यांचे टॅब तोडले. कानबाईची कॅसेट घेऊन पुढच्या आठवड्यात धुळ्याला येते, देवपूरकर काका, तुम्हाला चालेल ना? आणि तुमच्याकडे फायरवायरची सोय असलेला जुना कॉम्प्युटर आहे का, की मिनीडीव्हीसाठी जळगावला कोणाला विचारू?

देवपूरकर

ये. कॉम्प्युटर आहे, केबलही आहे. मिनीडीव्हीचा कॅमेरा मात्र माझा बंद पडलाय, तेवढा कोणाकडे चालू असेल तर सोबत आण. कॅसेट एसटीत खिडकीजवळच्या उन्हात ठेवू नकोस.